भरती पाहून तलाव गाठावा: सीवूड्सच्या काठावर शरदातील पक्षीनिरीक्षण

पक्षी पाहायला केव्हा जावे असे कोणी विचारले की बहुतेक जण "पहाटे" असे उत्तर देतात. ते चुकीचे नाही, परंतु नवी मुंबईत सीवूड्सला खाडीलगत जे उथळ तलाव आहेत, म्हणजे डीपीएस शाळेजवळचा तलाव आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ जागा, त्यांच्यापुरते बोलायचे तर ते अर्धेच उत्तर आहे. पहाटे सहाला पोहोचूनही समोर चार बगळे आणि एक कंटाळलेला पाणकावळा एवढेच दिसावे आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी, त्याच वेळी पाण्यात पाय ठेवायला जागा नसावी इतके पक्षी उभे असावेत, हा अनुभव येथे नेहमीचा आहे. याचे कारण पक्ष्यांच्या लहरीत नसून खाडीच्या पाण्यात आहे, आणि ते एकदा समजले की सकाळ वाया जाण्याचे प्रसंग फार कमी येतात.

ठाणे खाडीतील पाणथळ पक्षी आपले पोट तलावात भरत नाहीत, निदान मुख्यतः भरत नाहीत. ओहोटी लागली की खाडीच्या दोन्ही काठांना खारफुटीच्या पुढे मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. त्या चिखलातील किडे, कृमी, कालवे, लहान खेकडे हे त्यांचे खरे अन्न. भरतीचे पाणी चढू लागले की हा चिखल झाकला जातो, आणि आखूड पायांच्या पक्ष्यांना उभे राहायलाही जागा उरत नाही. अशा वेळी ते खारफुटी ओलांडून आतल्या उथळ तलावांकडे येतात, तेथे विसावतात, पिसे साफ करतात आणि पाणी उतरले की परत चिखलावर जातात. म्हणजे तलाव ही त्यांची खानावळ नव्हे, विश्रांतीची ओसरी आहे. आपल्याला ते या ओसरीवर गाठायचे आहेत.

त्यामुळे पहिली तयारी भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी करावी लागते. कोकणकिनाऱ्यावरील मासेमारांचा एक जुना हिशेब आहे, तो कारावे गावातील एका वयस्क काकांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितला: जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू होतो, कारण समुद्राला चंद्र वाढतो आहे की घटतो आहे याने फरक पडत नाही. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

हा हिशेब तोंडी आहे, त्यामुळे त्याची कसर ठाऊक असावी. पक्षाच्या शेवटच्या तिथींना प्रत्यक्ष पाणी हिशेबापेक्षा अर्धा-पाऊण तास मागे राहते. पौर्णिमेला गणित सव्वाअकरा सांगते, परंतु मुंबई बंदरात पाणी बाराच्या आसपास पूर्ण चढते. शिवाय बंदरापासून खाडीत आत जावे तशी भरती आणखी थोडी उशिरा पोहोचते. नेमकी वेळ हवी असल्यास वर्तमानपत्रातील किंवा मोबाइलवरील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे, परंतु महिनाभर आधी कोणता रविवार राखून ठेवायचा हे ठरवण्यास तिथीचा हिशेब पुरेसा आहे.

आता प्रश्न उरतो तो कोणती तिथी निवडावी याचा. वरवर पाहता दसऱ्याची सकाळ उत्तम वाटेल, कारण दशमीला भरती साडेसात-आठच्या सुमारास, म्हणजे ऐन सकाळी येते. परंतु येथे दुसरी गोष्ट आडवी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाणी मुंबईच्या किनाऱ्यावर साडेचार मीटरच्याही वर चढते. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत मात्र भांग असतो, म्हणजे भरती दुबळी असते आणि ओहोटीही पुरती ओसरत नाही. भांगाच्या भरतीत खाडीचा सगळा चिखल झाकलाच जात नाही, त्यामुळे पुष्कळ पक्षी तलावाकडे येण्याची तसदी घेत नाहीत. उलट कोजागरीच्या दिवशी उधाण जोरदार असले तरी भरती भर दुपारी येते. पक्षी अकराच्या पुढे तलावात उतरतात आणि तोवर ऑक्टोबरच्या उन्हाने माणूस आणि दुर्बीण दोघेही निकामी झालेले असतात. या दोहोंचा मध्य साधायचा तर एकादशी, द्वादशी आणि त्रयोदशी या तिथी मला सर्वांत सोयीच्या वाटतात. पाण्याला जोर येऊ लागलेला असतो, आणि पक्षी प्रत्यक्ष भरतीच्या दीड-दोन तास आधीपासून, म्हणजे सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान थव्याथव्याने आत येतात. दिवाळीच्या दिवसांत हे सहज जमते, कारण वसुबारस ही आश्विन वद्य द्वादशी आणि धनत्रयोदशी त्याच्या दुसऱ्या दिवशी. घरात फराळाची गडबड असली तरी दोन तास बाहेर पडता आले तर त्या सकाळी चुकवू नयेत.

ठाण्यातील वाचकांनी येथे एक फरक लक्षात घ्यावा. उपवन, रायलादेवी किंवा कासारवडवलीसारखे गोड्या पाण्याचे तलाव खाडीच्या श्वासावर चालत नाहीत; तेथे भरतीचा हिशेब करण्याची गरज नाही, सूर्योदयाला पोहोचणे पुरेसे आहे. उपवनचा विशेष म्हणजे तो येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागते, त्यामुळे पाण्याकडे पाठ करून काठावरच्या झाडांकडे पाहिले तरी हळद्या, कोतवाल, तांबट आणि वड-पिंपळाला फळे असतील तर आपला राज्यपक्षी हरियाल यांची भेट होऊ शकते. पुढील मजकुरातील ओळखीच्या खुणा तेथेही उपयोगी पडतील, मात्र माझा भर सीवूड्सवर आहे.

शरद ऋतूच का, याचेही उत्तर देणे आवश्यक आहे. चिखलात चोच खुपसून खाणारे छोटे स्थलांतरित पक्षी ऑगस्टअखेरीपासूनच येऊ लागतात, म्हणजे आपल्याकडे पाऊस चालू असतानाच त्यांचा हिवाळा सुरू झालेला असतो. उत्तर आणि मध्य आशियातून भारतीय उपखंडाकडे येणारा जो उड्डाणमार्ग आहे, त्यावर ठाणे खाडी हा मोठा मुक्काम आहे. 2015 मध्ये खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरमध्यापर्यंतच्या काळात काही पक्षी नुकतेच उतरलेले, काही दोन-चार दिवसांची विश्रांती घेऊन आणखी दक्षिणेला निघालेले आणि काही येथेच सहा महिने राहणारे असे एकत्र सापडतात. जानेवारीत संख्या अधिक असते, परंतु आज पाहिलेला पक्षी उद्या नसेल आणि उद्या भलताच कोणी असेल, ही शरदातील अनिश्चिती तेव्हा नसते.

ज्यांना केवळ फ्लेमिंगो पाहायचे आहेत, त्यांनी मात्र ऑक्टोबरमध्ये फार आशा धरू नये. आपण ज्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतो ते पक्षी मोठ्या संख्येने येतात ते पावसाळा पुरता सरल्यावर, बहुधा नोव्हेंबरच्या पुढे, आणि मेअखेरपर्यंत राहतात. चुकून लवकर आलेली एखादी टोळी दिसलीच तर दोन जातींतील फरक पाहून घ्यावा: मोठ्या रोहिताचे पाय आणि मान फार लांब, रंग बराचसा पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि तिचे टोक काळे, छोटा रोहित बुटका, अधिक गुलाबी आणि त्याची चोच दुरून काळी भासावी इतकी गडद. ती चोच पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून घेण्यासाठी घडलेली असते, म्हणून तो मान उलटी करून पाण्यात चोच फिरवत राहतो.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण दुकानात गेल्यावर लोक यातच सर्वाधिक गोंधळतात. दुर्बीण आठ गुणिले बेचाळीस या मापाची घ्यावी. आठ म्हणजे ती वस्तू आठपट जवळ दाखवते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारापट किंवा सोळापट दुर्बिणीचा मोह टाळावा, कारण त्यात हाताचा कंपही बारापट दिसतो आणि दृश्याचा आवाका इतका लहान होतो की उडता थवा सापडतच नाही. घरीच एकदा तिची जुळणी करून ठेवावी: उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करावे, मग डावा झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवावी आणि ती खूण लक्षात ठेवावी. चष्मा असल्यास डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत दाबाव्यात, बाहेर ओढू नयेत. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी हेरावा आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणावी. दुर्बीण डोळ्याला लावून पक्षी शोधत बसणे हा नवशिक्याचा हमखास फसणारा मार्ग आहे. कोणाकडे तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप असेल तर तलावावर त्याच्यासारखा उपयोगी सोबती नाही, परंतु तो नसला म्हणून काही अडत नाही.

कपडे मातकट किंवा गवती रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. हे पक्ष्यांपेक्षा डासांसाठी अधिक आवश्यक आहे, कारण पावसाळा संपतानाचे हे दिवस डेंग्यूचे असतात. टोपी, पाणी, टिपणवही आणि पेन्सिल एवढे पुरे. पेनची शाई दवाने पसरते, पेन्सिलची रेघ राहते.

सूर्योदय ऑक्टोबरच्या सुरुवातीस साडेसहाच्या थोडा आधी आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेसातच्या सुमारास होतो. हार्बर मार्गावरील सीवूड्स-दारावे स्थानकावर सहाच्या सुमारास उतरून रिक्षाने तलाव गाठला तर उजेड फुटताना काठावर पोहोचता येते. रिक्षावाल्याला "एनआरआय" किंवा "डीपीएसचा तलाव" म्हटले की पुरते. वस्तीच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून खाडीकडे तोंड करून उभे राहावे. सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. पश्चिमेच्या बाजूने पाहिले तर तेच पक्षी काळ्या आकृत्या होऊन बसतात.

भरतीला अद्याप वेळ असेल तर पहिला अर्धा तास पाण्याकडे पाहूच नये असे मी सुचवीन. काठावरची झुडपे, गवत आणि तिवरांच्या फांद्या यांकडे लक्ष द्यावे, आणि डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक काम करावे. शिंपी पक्षी आपल्या आकाराला न शोभणाऱ्या आवाजात ओरडत असतो. वटवट्या गवताच्या टोकावर शेपटी हलवत बसतो. खंड्याचे ते किंचाळत उतरत जाणारे हसू दूरवर ऐकू येते. या झुडपांतही परदेशी पाहुणे असतात. उघड्या फांदीवर एकटा, ताठ बसलेला, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला तपकिरी खाटीक दिसला तर तो नुकताच उत्तरेकडून आलेला आहे आणि आता काही महिने याच फांदीवर आपला हक्क सांगणार आहे असे समजावे. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांची रांग लागते, आणि ओलसर गवतात शेपटी वरखाली हलवत चालणारे धोबी दिसतात. त्यांतील पोटाखाली पिवळे असलेले दोन प्रकार शरदात हटकून गोंधळात टाकतात, तेव्हा शेपटीची लांबी पाहावी, राखाडी पाठीच्या करड्या धोब्याची शेपटी पिवळ्या धोब्यापेक्षा स्पष्टपणे लांब असते.

मग पाण्याकडे वळावे. सबंध तलावावर एकदम नजर फिरवण्याऐवजी डावीकडून सुरुवात करून पट्ट्यापट्ट्याने उजवीकडे जावे, आधी जवळचा काठ, नंतर मधला भाग, शेवटी पलीकडची खारफुटी. येथे कायम राहणारे पक्षी प्रथम ओळखून बाजूला ठेवले की उरलेले नवखे आपोआप उठून दिसतात. हळदी-कुंकू बदकाला हे नाव ज्याने दिले त्याची नजर पक्की होती. चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी लाल ठिपके, यापेक्षा सोपी खूण कोणती असेल? टिटवी ओळखावी लागत नाही, तीच आपल्याला आधी ओळखून सगळ्या तलावाला बातमी देते. शेकाट्या गुलाबी-लाल, अशक्य वाटावेत इतक्या लांब पायांवर डुलत चालतो. पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात, आणि वंचक तर काठावर इतका स्तब्ध असतो की जवळून उडाला की दचकायला होते. वंचकाचा वीणीच्या काळातील तांबूस-जांभळा रंग शरदात उतरलेला असतो आणि मानेवर मातकट रेघा उरतात.

बगळ्यांपाशी मात्र थोडे थांबावे, कारण "पांढरा बगळा" असे लिहून पुढे जाणे ही आपल्या सगळ्यांचीच सवय आहे. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. उडताना त्याने पिवळे मोजे घातल्यासारखे वाटते. मोठा आणि मध्यम बगळा दोघांच्याही चोची या काळात पिवळ्या असतात, म्हणून चोचीचा रंग उपयोगी नाही. तोंडाची चीर पाहावी. मोठ्या बगळ्याच्या तोंडाची रेघ डोळ्याच्या मागपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. समुद्री बगळा येथे नेहमीचा आहे. तो गडद राखाडी असेल तर शंका उरत नाही, परंतु तोही पांढऱ्या रूपात असतो आणि तेव्हा त्याची जाडसर, पिवळट-तपकिरी चोच त्याला छोट्या बगळ्यापासून वेगळा करते.

आता मुख्य आणि कठीण भाग. चिखलपट्टीवर हिंडणारे लहान, तपकिरी, एकमेकांसारखे पक्षी पाहून अनेक उत्साही लोक कायमचे नाउमेद झालेले मी पाहिले आहेत. शरदात अडचण दुप्पट असते: प्रौढ पक्ष्यांचा उत्तरेकडील वीणीचा झगझगीत पोशाख अर्धा उतरलेला असतो आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्लेही सोबत असतात, त्यामुळे पुस्तकातील चित्राशी हुबेहूब जुळणारा पक्षी क्वचितच समोर येतो. म्हणून पिसांच्या रंगापासून सुरुवात करूच नये. आधी चाल पाहावी. जो पक्षी धावतो, एकदम थांबतो, इकडे-तिकडे पाहतो, एक टोचा मारतो आणि पुन्हा धावतो, तो चिखल्या. त्याचा डोळा मोठा आणि चोच आखूड असते, कारण तो भक्ष्य नजरेने शोधतो. जो न थांबता चालत चालत चिखलात चोच खुपसत राहतो तो तुतवारांच्या आणि टिलव्यांच्या गोतावळ्यातला. तो चोचीच्या स्पर्शाने अन्न शोधतो. एवढी एकच वाटणी जमली की निम्मे काम झाले.

त्यानंतर पायांचा रंग आणि चोचीची लांबी पाहावी. नारिंगी-लाल पाय आणि उडताना पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा दिसला तर तो लाल पायांचा रेडशँक. पाय हिरवट, चोच किंचित वर वळलेली आणि उडताना "ट्यू-ट्यू-ट्यू" अशी तीन ठसठशीत हाकांची साखळी ऐकू आली तर तो ग्रीनशँक. पाठीवर ठिपके, भुवई पांढरी आणि पाय पिवळट असतील तर ठिपकेवाला तुतवार. दगडावर एकटाच बसून सबंध मागचा भाग अखंड वरखाली हलवणारा, पोटाचा पांढरा रंग खांद्यासमोर कोपऱ्यासारखा वर चढलेला आणि पाण्याला लागून थरथरत्या, ताठ पंखांनी उडणारा तो सामान्य तुतवार. हा तर अगदी गटाराच्या मुखाशीही भेटतो. चिमणीएवढा किंवा तिच्याहून लहान, काळ्या पायांचा आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवणारा तो छोटा टिलवा. लांब सरळ चोचीचा, उडताना पंखात पांढरा पट्टा आणि शेपटीला काळी किनार असलेला तो गॉडविट, आणि चोच खाली कोयत्यासारखी वळलेली असेल तर कुरल. या पक्ष्यांची मराठी नावे पुस्तकागणिक आणि गावागणिक बदलतात. त्यामुळे नावावरून वाद घालण्यापेक्षा वहीत खुणा लिहून ठेवाव्यात. पक्षीनिरीक्षकांमध्ये रेडशँक, ग्रीनशँक, गॉडविट हे शब्द आता रुळले आहेत, म्हणून येथे तेच वापरले.

बदकांची घाई करू नये. थापट्या, तलवार बदक, चक्रांग हे ऑक्टोबरच्या अखेरीपासून येऊ लागतात, आणि लवकर आलेल्या नरांनी अजून मादीसारखाच तपकिरी वेष धारण केलेला असतो. अशा वेळी थापट्याची फावड्यासारखी चपटी, रुंद चोच आणि तलवार बदकाची लांब, सडपातळ मान एवढ्यावरच ओळख पटवावी.

हे सर्व चालू असताना एक डोळा खारफुटीच्या शेंड्यांवर असू द्यावा. भरती चढू लागली की पहिले थवे त्या शेंड्यांवरून येतात. आधी दहा-वीस, मग शंभराच्या पटीत, एकदम वळणारे, वळताना पांढरे चमकणारे आणि पुन्हा काळपट होणारे. या क्षणी छायाचित्राच्या मागे लागलात तर मोजणी हुकते, आणि मला विचाराल तर मोजणीच अधिक समाधान देते. थवा मोजण्याची रीत अशी: प्रथम दहा पक्षी नेमके मोजावेत, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत साठवावी आणि तसे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहावे. थवा फार मोठा असेल तर दहाऐवजी पन्नासचा तुकडा धरावा. सुरुवातीला आपला अंदाज बहुधा कमी पडतो. थवा उतरल्यावर, पक्षी स्थिर उभे असताना पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. दोन-तीन महिन्यांत दोहोंतील अंतर कमी होत गेलेले दिसेल.

बसलेला थवा अचानक एकसाथ उठला तर खाली नव्हे, वर पाहावे. एखादी ब्राह्मणी घार सहज फेरी मारून गेली तर पक्षी फारशी दखल घेत नाहीत, परंतु दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून गवतावरून संथ तरंगत आला की सगळा तलाव हवेत असतो. तो गेल्यावर पक्षी पुन्हा उतरतात, आणि उतरताना आपल्या जातीच्या गटात उतरतात. मघाशी गर्दीत न सापडलेला निराळा पक्षी तेव्हा कित्येकदा सापडून जातो.

येथे काही पथ्ये सांगणे भाग आहे. भरतीच्या वेळी तलावात उभा असलेला पक्षी हजारो किलोमीटरच्या प्रवासानंतर विसावा घेत असतो आणि त्याला जाण्यासाठी दुसरी कोरडी जागा जवळपास नसते. उडतानाचे छायाचित्र मिळावे म्हणून टाळी वाजवणे, दगड टाकणे, ड्रोन सोडणे यांमुळे त्याने साठवलेली शक्ती विनाकारण खर्ची पडते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नये. कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, गाठिया आणि शेव खाऊ घालण्याची जी रीत खाडीकाठी आणि नावांवर दिसते, ती कितीही भूतदयेची वाटली तरी त्यांच्या हिताची नाही. पक्षी माना उंचावून आपल्याकडे पाहू लागले की आपण पुरेसे जवळ आलो आहोत, तेथेच थांबावे. खारफुटीच्या कडेचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत ओढून घेतो. त्यात उतरू नये, आणि माझी एक चप्पल अजून तेथेच आहे. पहाटे फिरायला येणाऱ्या रहिवाशांना आणि जाळे घेऊन निघालेल्या आगरी-कोळी मंडळींना वाट मोकळी ठेवावी. त्यांच्याशी दोन शब्द बोलल्यास गेल्या आठवड्यात काय दिसले आणि पाणी कोठून आत येते हे पुस्तकापेक्षा नेमके कळते.

पाणी कोठून येते हा प्रश्न साधा नाही. या तलावांत खाडीचे पाणी ज्या वाटांनी आत-बाहेर करते त्या बुजल्या की पाणी साचून शेवाळ वाढते किंवा तलाव कोरडा पडतो, आणि पक्षी पाठ फिरवतात. म्हणून वहीत पक्ष्यांच्या यादीसोबत पाण्याची स्थितीही लिहावी: काठावरच्या एखाद्या ठरावीक दगडापर्यंत पाणी आले की नाही, त्यावर हिरवा थर आहे की नाही, वास येतो की नाही. अशा नोंदी वर्षानुवर्षे राहिल्या तर तलावाविषयी बोलताना आपल्या हातात काहीतरी असते.

नोंदीत दिनांक, तिथी, पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ, हवा, भरतीची हिशेबी वेळ आणि प्रत्यक्षात थवे आत आल्याची वेळ एवढे असावे. हीच यादी ईबर्ड या संकेतस्थळावर किंवा त्याच्या ॲपवर भरल्यास ती अभ्यासकांच्याही उपयोगी पडते. मात्र तेथे ओळखू आलेले सर्व पक्षी लिहावेत, आवडलेलेच नव्हे. कावळा आणि कबुतर वगळून केलेली यादी अपूर्ण असते. ओळख पटली नसेल तर "तुतवार, जात अनिश्चित" असे निःसंकोच लिहावे. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर, अशी त्याची दोन टोके आहेत. त्या आठवड्यात अनेक ठिकाणी अनुभवी लोकांसोबत फेऱ्या निघतात, आणि चिखलातील तपकिरी पक्षी शिकायचे तर जाणकाराच्या शेजारी उभे राहून शिकण्यासारखा दुसरा जवळचा मार्ग नाही.

साडेनऊ-दहाच्या पुढे पाण्यावरून उष्ण हवेचे तरंग उठू लागतात आणि दूरचे पक्षी दुर्बिणीत थरथरू लागतात. त्यानंतर पलीकडच्या काठावरील ओळखी केल्यास त्या बहुधा चुकतात. रविवार असेल तर हार्बर मार्गावरील मेगाब्लॉक सहसा अकराच्या सुमारास सुरू होतो, हेही ध्यानात ठेवून निघावे. गाडीत बसल्यावर वहीत हिशेबी भरती आणि थवे आल्याची वेळ यांतील अंतर मिनिटांत काढून समासात लिहून टाकावे. माझ्या वहीत द्वादशीच्या सकाळी थवे हिशेबी भरतीच्या सरासरी चाळीस मिनिटे आधी आलेले आहेत. आपल्या उभे राहण्याच्या जागेनुसार आपला आकडा निराळा येईल, आणि पुढच्या वेळी गजर किती वाजता लावायचा हे त्यावरूनच ठरवावे.